गोळ्या-चॉकलेटच्या कंपनीचं नवं ब्रँडिंग आणि पॅकेजिंग: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

हे काम बहुतेक ठिकाणी लोगोपासून सुरू होतं. लोगो पसंत पडतो, रंग ठरतात, स्क्रीनवर सुंदर चित्रं फिरतात आणि अगदी शेवटी कुणीतरी विचारतं, "हे आपल्या मशीनवर चालेल ना?" तोवर निम्मे पैसे खर्च झालेले असतात. फिल्म कोणती हवी हे आतला पदार्थ ठरवतो, रॅपरचं माप मशीन ठरवतं, रंग किती वापरता येतील हे छपाईची पद्धत ठरवते आणि मागची बरीचशी जागा कायदा घेतो. जे उरतं त्यात ब्रँड बसवायचा असतो. म्हणून खालच्या पायऱ्यांत लोगोचा नंबर पाचवा आहे.

१. आधी हे कागद टेबलावर आणा

डिझायनरला पहिला फोन करण्यापूर्वी एवढं हाताशी असावं:

- सगळ्या उत्पादनांची यादी: चव, वजन, पॅकचा प्रकार, महिन्याचा अंदाजे खप
- प्रत्येक उत्पादनाची अंतिम पाककृती, घटकांच्या टक्केवारीसह
- पोषणमूल्यांचा आणि टिकवण काळाचा प्रयोगशाळेचा अहवाल
- पॅकिंग मशीनची माहिती: फिल्मची कमाल रुंदी, सीलचा प्रकार, मिनिटाला पॅकचा वेग
- सध्याच्या फिल्मचं आणि कार्टनचं स्पेसिफिकेशन
- जुन्या रॅपरचा शिल्लक साठा, किलोत
- ट्रेडमार्कचे कागद आणि बारकोडच्या क्रमांकांची यादी
- माल कुठे विकायचा, त्या प्रत्येक देशाचे लेबलिंगचे नियम

यात "अंतिम पाककृती" हा शब्द सोडू नका. रॅपर छापून आल्यावर इमल्सिफायर बदलला किंवा दुधाची पावडर वाढवली, की घटकांचा क्रम बदलतो आणि अख्खा रोल भंगारात जातो. शिल्लक साठ्याकडेही सहसा कुणी बघत नाही. नव्या पॅकची तारीख त्या साठ्यावरून काढायची असते.

२. आतल्या पदार्थाला कशाची भीती आहे ते बघा

"कन्फेक्शनरी" म्हणून एकच फिल्म सगळ्याला चालत नाही.

उकळून केलेल्या कडक गोळीत पाणी साधारण १ ते ३ टक्केच असतं. ती हवेतला ओलावा ओढते, आधी चिकट होते, मग पृष्ठभागावर साखरेचे दाणे धरते. तिला ओलावा अडवणारी फिल्म हवी. जेली आणि गमीचं उलट: त्यांच्यातलं पाणी बाहेर जातं आणि त्या रबरासारख्या घट्ट होतात. फिल्मची गरज तीच, कारण वेगळं.

चॉकलेटचा पहिला शत्रू उष्णता. कोको बटर ३२ ते ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. तापमान सतत वरखाली झालं की चरबी पृष्ठभागावर येऊन पांढरट थर धरतो. थंड माल एकदम दमट हवेत आणला तर पाणी साचून साखरेचा थर येतो. दोन्हींना ब्लूम म्हणतात आणि ग्राहक दोन्हींना बुरशी समजतो. तापमान सांभाळणं हे कुठल्याच रॅपरचं काम नाही, पण ओलावा, प्रकाश आणि वास मात्र तो अडवू शकतो. वासाची गोष्ट गंभीर घ्या: कोको बटर आजूबाजूचा वास फार लवकर शोषतं. शाईतलं उरलेलं सॉल्व्हंट, साबणाशेजारची साठवण, नव्या कार्टनचा वास, सगळं चवीत उतरतं.

शेंगदाणे, बदाम किंवा वेफर असलेल्या मालाला ऑक्सिजनचाही त्रास होतो, कारण तेल खवट होतं. साधी पारदर्शक बीओपीपी (ताणलेल्या पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकची) फिल्म ओलावा बऱ्यापैकी अडवते, ऑक्सिजन जवळजवळ नाही. मेटलाइज्ड, म्हणजे धातूचा पातळ थर दिलेली, फिल्म दोन्ही बाबतींत बरीच पुढे आहे. ॲल्युमिनियम फॉइल सर्वात चांगलं, मात्र फार पातळ फॉइलला सूक्ष्म छिद्रं असतात आणि घडीवर ते तडकतं, म्हणून पूर्ण अडथळा हवा तिथे ते फिल्मला लॅमिनेट करून घेतात.

कागदी रॅपरचा मोह सध्या सगळ्यांनाच आहे. नुसत्या कागदाला ओलावा अडवता येत नाही. त्यावर कोटिंग लागतं, आणि कोटिंग असलेला कागद पुनर्चक्रणात चालतो का, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या. "कंपोस्टेबल" हा शब्द प्रमाणपत्राशिवाय छापू नका.

३. पॅकचं माप काढा

डिझायनर सपाट फिल्म बघतो, ग्राहक गुंडाळलेला पॅक बघतो. या दोहोंतला फरक आकड्यांत बघू. १०० मिमी लांब, ३० मिमी रुंद आणि १२ मिमी जाड बार घ्या. पिलो पॅक, म्हणजे मागे एक आणि टोकांना दोन सील असलेलं उशीसारखं पाकीट, करायचा आहे.

फिल्मची रुंदी: भोवतीचा घेर २ × (३० + १२) = ८४ मिमी. मागच्या फिन सीलसाठी (दोन कडा जुळवून केलेल्या उभ्या जोडासाठी) दोन्ही कडांना १२-१२, म्हणजे २४. थोडी ढील ४. एकूण ११२ मिमी.

रिपीटची, म्हणजे एका पॅकला लागणाऱ्या फिल्मची, लांबी: १०० + जाडीसाठी १२ + दोन टोकांची सील २० + ढील ६ = १३८ मिमी.

म्हणजे डिझायनरच्या स्क्रीनवर ११२ × १३८ मिमीचा मोठा चौकोन आहे, आणि दुकानात समोरून दिसणार आहे जेमतेम ३० × १०० मिमीची पट्टी. बाजू वळतात, टोकं सीलच्या दातांत जातात. महत्त्वाचं काहीही सीलपासून किमान ३ मिमी आत ठेवा, कारण मशीनवर फिल्म इकडेतिकडे सरकतेच. वरची बेरीज फक्त पद्धत कळण्यासाठी आहे. सीलची आणि ढिलीची खरी मापं मशीनवाल्याकडून घ्या, कोऱ्या फिल्मवर प्रत्यक्ष पॅक करून बघा आणि मगच डायलाइन, म्हणजे घड्या, सील आणि कापायच्या रेषांचा आराखडा, कायम करा.

ट्विस्ट रॅपची गोष्ट वेगळी. दोन्ही टोकं पिळात जातात, त्यामुळे वाचण्याजोगा भाग गोळीच्या लांबीएवढाच. शिवाय पुष्कळ ट्विस्ट मशीनवर फिल्म नेमक्या जागी कापली जात नाही. अशा मशीनसाठी मोठा लोगो मधोमध ठेवलात तर दर पॅकवर तो वेगळ्या जागी तुटेल. छोटा लोगो तिरक्या ओळींत पुन्हापुन्हा छापा. कुठेही कापलं तरी एक तरी पूर्ण दिसतो. फिल्मही पीळ धरून ठेवणारी लागते. साधी बीओपीपी पीळ सोडते आणि बरणीत गोळ्या उघड्या पडतात.

चॉकलेट बारसाठी कोल्ड सील (उष्णतेशिवाय, दाबाने चिकटणाऱ्या गोंदाचं सील) चांगलं, कारण सीलच्या गरम जबड्याची आच मालाला लागत नाही आणि वेगही मिळतो. पण तो गोंद फक्त सीलच्या पट्ट्यांवर लावलेला असतो, तो रोलमध्ये काही महिनेच चांगला राहतो आणि फिल्मच्या बाहेरच्या बाजूला रिलीज लॅकर (चिकटू न देणारा लेप) नसेल तर रोलचे थर एकमेकांना चिकटतात. वर्षभराचा साठा एकदम छापून ठेवायचा बेत असेल तर कोल्ड सीलचा विचार सोडा.

४. छपाईची पद्धत डिझाइनच्या आधी ठरवा

ग्रॅव्युअरमध्ये प्रत्येक रंगाला कोरलेला सिलिंडर लागतो. छपाई उत्तम, लाखो मीटर चालतो, पण सुरुवातीचा खर्च मोठा आणि दुरुस्ती म्हणजे नवा सिलिंडर. फ्लेक्सो लवचिक प्लेटने छापतं; प्लेट स्वस्त, मध्यम खपाला ठीक. डिजिटलला प्लेटच नाही, त्यामुळे थोडा माल आणि चाचणीसाठी सोयीची, मात्र मीटरमागे महाग. कार्टनसाठी सहसा ऑफसेट.

इथे एक युक्ती नवख्यांना सहसा कुणी सांगत नाही. समजा पाच चवी आहेत आणि प्रत्येकीला सहा रंग. सगळे सिलिंडर वेगळे केले तर ३० होतात. तेच मांडणी पाचही चवींत हुबेहूब एकाच जागी ठेवली, लोगो आणि पार्श्वभूमी चार सामाईक सिलिंडरवर घेतली, आणि चवीचा रंग व काळा मजकूर एवढेच दोन बदलते ठेवले, तर ४ + १० = १४ सिलिंडरांत काम भागतं. यासाठी चवीनुसार लोगो वरखाली सरकवायची हौस आवरावी लागते. डिझायनर कुरकुर करेल. करू द्या.

५. नाव आणि चिन्ह

आता लोगो. नाव ठरवण्यापूर्वी ट्रेडमार्कचा शोध घ्या. आंतरराष्ट्रीय नीस वर्गीकरणात चॉकलेट आणि साखरेचे गोड पदार्थ ३० व्या वर्गात येतात. चहा, कॉफी, बिस्किटंही तिथेच, म्हणून शोध फक्त गोळ्यांपुरता ठेवू नका. वायपोचा (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा) ग्लोबल ब्रँड डेटाबेस मोफत बघता येतो. उच्चारात जवळची नावंही शोधा. आक्षेप बहुतेकदा तिथूनच येतात.

रंगावर हक्क सांगणं वाटतं तितकं सोपं नाही. कॅडबरीच्या जांभळ्या छटेवरून नेस्लेशी ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं कज्जे चालले, आणि २०१३ साली अपील न्यायालयाने कॅडबरीच्या अर्जातलं वर्णन पुरेसं नेमकं नाही म्हणून तो नाकारला. रंग वापरा, त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका.

चिन्ह पॅकच्या आकाराशी जोडलं गेलं तर ते टिकतं. चुपा चुप्सचा लोगो चित्रकार साल्वादोर दालीने १९६९ मध्ये केला तेव्हा तो लॉलीपॉपच्या डोक्यावर ठेवला. कडेला असता तर गोलाईत अर्धा गडप झाला असता. हर्शीज किसेस या चॉकलेटच्या फॉइलमधून १९२१ पासून कागदाची बारीक पट्टी बाहेर डोकावते. नकली मालापासून खरा ओळखू यावा हा तिचा उपयोग.

जागेच्या नावावर किंवा चित्रावर ब्रँड उभा करत असाल तर कारखाना हलला तर काय, हेही विचारा. टोब्लेरोन या स्विस चॉकलेटने उत्पादनाचा काही भाग स्लोव्हाकियात हलवायचं ठरवलं आणि २०२३ मध्ये स्विस नियमांमुळे मॅटरहॉर्न शिखराचं चित्र पॅकवरून काढावं लागलं.

६. समोरची बाजू

जुना ब्रँड असेल तर आधी काय टिकवायचं ते ठरवा. दहा-बारा नेहमीच्या ग्राहकांना सध्याचा पॅक आठवणीने कागदावर काढायला सांगा. जे बहुतेकांच्या चित्रात येतं, मग तो लाल पट्टा असो की तिरकं अक्षर, त्याला हात लावायचा नाही. बाकी सगळं बदलता येतं. ट्रॉपिकाना हा रसाचा ब्रँड, पण धडा इथेही लागू आहे: २००९ च्या सुरुवातीला त्यांनी पॅकवरचं स्ट्रॉ खोचलेलं संत्रं काढून रसाचा पेला आणला, थोड्याच काळात विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि जुना पॅक परत आणावा लागला. लोकांना आपलं खोकं फळीवर सापडेना, एवढंच झालं होतं.

समोर चारच गोष्टी लागतात: ब्रँड, पदार्थाचं नाव, चव, वजन. पाचवी आली की पहिल्या चारांतली एखादी दबते. खऱ्या मापाचा नमुना छापून, गुंडाळून, स्पर्धकांच्या मालाशेजारी ठेवा आणि दोन मीटरवरून बघा. स्क्रीनवर मोठं करून घेतलेली मंजुरी निरुपयोगी आहे.

चवींचे रंग वेगळे करताना हिरवा-लाल अशा जोडीवर सगळा भार टाकू नका. रंगांधळ्या ग्राहकाला त्या सारख्याच दिसतात. गडद-फिकटाचा फरक ठेवा, नमुना काळ्यापांढऱ्यात छापून तपासा.

फळाचं चित्र जपून वापरा. आत फळ नसून फक्त स्वाद असेल तर रसाळ फोड दाखवणं बऱ्याच देशांत दिशाभूल ठरतं. "चॉकलेट" शब्दाचंही तसंच. कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या संचाच्या) मानकात साध्या चॉकलेटला कोरड्या वजनावर किमान ३५ टक्के कोको घनपदार्थ लागतात, त्यात किमान १८ टक्के कोको बटर. वनस्पती चरबीचं कंपाउंड कोटिंग असेल तर नाव वेगळं द्यावं लागतं, आणि ते समोरच्या बाजूलाच.

७. मागची बाजू

लेबलसाठी आंतरराष्ट्रीय पाया म्हणजे कोडेक्सचं मानक सीएक्सएस १-१९८५. विक्रीच्या देशाचा कायदा त्याहून कडक असू शकतो, पण यादी साधारण हीच: पदार्थाचं नाव, उतरत्या वजनाने घटक, ॲलर्जी करणारे घटक, निव्वळ वजन, उत्पादकाचं नाव-पत्ता, मूळ देश, बॅच क्रमांक, तारीख, साठवणीची सूचना आणि पोषणमूल्यं.

नेहमीच्या चुका:

- दूध, सोया, शेंगदाणे, बदाम, गहू घटकांत आहेत पण ठळक केलेले नाहीत. सोया लेसिथिन तर हमखास निसटतं.
- एकाच यंत्रावर शेंगदाण्याचा माल चालतो आणि त्याची सूचना नाही.
- "शुगर फ्री" मनाला येईल तसं लिहिलं. कोडेक्सची मर्यादा १०० ग्रॅमला ०.५ ग्रॅम साखर.
- अक्षरं वाचता येत नाहीत. युरोपीय संघाच्या नियमात छोट्या एक्स अक्षराची उंची किमान १.२ मिमी लागते, लहान पॅकवर ०.९ मिमी. नियम लागू नसला तरी हे माप पाळा.

बारकोड. ईएएन-१३ या १३ आकडी बारकोडचं मूळ माप दोन्हीकडच्या कोऱ्या जागेसह ३७.२९ × २५.९३ मिमी. ते ८० टक्क्यांपर्यंत लहान करता येतं, म्हणजे साधारण २९.८३ मिमी रुंद. उंची छाटायची सवय वाईट, कोरी जागा खायची त्याहून वाईट. पुष्कळ स्कॅनर लाल प्रकाशावर चालतात, त्यामुळे लाल किंवा नारिंगी रेघा त्यांना दिसतच नाहीत. पांढऱ्यावर काळा हा कंटाळवाणा पर्यायच घ्या. रेघा फिल्म धावते त्या दिशेला समांतर ठेवा; फिल्म ताणली गेली तर रेघांची लांबी बदलते, जाडी नाही. वर दिलेल्या ३० मिमीच्या बारवर आडवा बारकोड जवळजवळ पूर्ण रुंदी खातो, म्हणून तिथे हा नियम सोडून तो उभा, बारच्या लांबीच्या दिशेने घ्यावा लागेल. फिन सीलच्या घडीवर तो येऊ देऊ नका.

बॅच आणि तारखेसाठी फिकट, वार्निश नसलेली कोरी जागा सोडा. चकचकीत वार्निशवर इंकजेटची शाई बोटाने पुसली जाते.

८. छापखान्यात जाणारी फाइल

कडेला ३ मिमी ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई), फोटो छापायच्या मापाला ३०० डीपीआय (इंचाला तितके ठिपके), लोगो व्हेक्टर (कितीही मोठा केला तरी न फाटणारा). बारीक मजकूर फक्त काळ्या एका रंगात. चार रंगांचा मिळून केलेला काळा जरा सरकला की अक्षरं धूसर होतात. गडद पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरं हवीच असतील तर सेरिफ नसलेला जाड टाइप घ्या, ६ पॉइंटच्या खाली नको.

मेटलाइज्ड किंवा पारदर्शक फिल्मवर पांढरी शाई हा वेगळा रंग असतो आणि त्याचा वेगळा थर फाइलमध्ये काढावा लागतो. तो विसरला की चॉकलेटचा फोटो करडा, चेहरा हरवलेला छापून येतो. उलट जिथे चमक हवी तिथे पांढरा मुद्दाम काढून टाका. सोनेरी परिणाम पिवळी पारदर्शक शाई चांदीवर छापूनच मिळतो, वेगळी सोनेरी शाई लागत नाही.

देवनागरी मजकूर असेल तर जास्त सावध. चुकीच्या सेटिंगमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाते, रफार सुटतो, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात, आणि छापखान्यात ते कुणाच्या लक्षात येत नाही. ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सेटिंग सुरू करा, मजकूर तपासून झाल्यावर आउटलाइन करा (म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करा) आणि आउटलाइन केलेली पीडीएफ भाषा येणाऱ्या माणसाकडून पुन्हा वाचून घ्या. तपासलेली फाइल आणि पाठवलेली फाइल एकच आहे याची खात्री इथेच करायची.

फिल्मच्या कडेला आयमार्क लागतो, म्हणजे मशीनच्या डोळ्याला कुठे कापायचं ते सांगणारा गडद चौकोन. त्याच्या ओळीत, रोलच्या पूर्ण लांबीवर, दुसरं काहीही गडद छापायचं नाही. नाहीतर मशीन लोगोलाच खूण समजून तिथे कापेल. रोल कोणत्या दिशेने गुंडाळायचा हेही ऑर्डरमध्ये आकृतीसह लिहा. कार्टनमध्ये गोंदाच्या पट्टीवर शाई आणि वार्निश नको, चिकटत नाही.

९. चाचण्या

पूर्ण ऑर्डरआधी:

- छापील नमुन्याचा एक रोल मशीनवर पूर्ण वेगाने. नव्या वार्निशमुळे फिल्म जास्त घसरते किंवा अडते, हे हळू चालवून कळत नाही.
- पॅक पाण्यात बुडवून व्हॅक्यूमखाली गळती. बुडबुडे बहुधा फिन सील आणि टोकाची सील मिळतात तिथून येतात.
- ३८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेत कडक गोळ्या. किती दिवसांत चिकटतात ते जुन्या पॅकशी तुलना करून.
- वासाची चाचणी. छापील फिल्म आणि चॉकलेटचे तुकडे एका बंद बरणीत, नुसतं चॉकलेट दुसरीत, दोन दिवसांनी न सांगता चाखायला द्या. प्रयोगशाळेतल्या रॉबिन्सन चाचणीचं तत्त्व हेच, आणि तीही चॉकलेटच वापरते.
- भरलेली खोकी रचून आणि वाहतूक करून.

पुरवठादाराकडून अन्नसंपर्काचं घोषणापत्र घ्या: शाई कमी स्थलांतर होणारी, म्हणजे अन्नात कमी उतरणारी, आहे, उरलेलं सॉल्व्हंट मर्यादेत आहे. पुनर्वापर केलेल्या पुठ्ठ्यात जुन्या छपाईच्या शाईतली खनिज तेलं असू शकतात आणि ती वाफेवाटे चॉकलेटपर्यंत पोचतात. आत अडथळा करणारी पिशवी नसेल तर कोऱ्या लगद्याचा पुठ्ठा घ्या.

१०. छपाईच्या दिवशी आणि नंतर

मंजुरी कंपनीतल्या एकाच माणसाच्या सहीने. मार्केटिंग, उत्पादन आणि गुणवत्ता विभाग आपापली दुरुस्ती आधी लेखी देतात; मशीन सुरू असताना कुणीही रंग "जरा उजळ" करायला सांगत नाही. रंग ५००० केल्विनच्या प्रमाणित प्रकाशात बघा, खिडकीपाशी नको. मुख्य ब्रँड रंगाचा फरक मंजूर नमुन्यापासून डेल्टा ई (यंत्राने मोजलेला रंगातला फरक) २ च्या आत ठेवायला सांगा. सही केलेले तीन नमुने घ्या: योग्य, चालेल इतका फिका, चालेल इतका गडद. ते अंधारात ठेवा, कारण नमुना स्वतःच उडाला तर पुढच्या छपाईला मोजणार कशाशी?

प्रत्येक रॅपरच्या कोपऱ्यात आवृत्तीचा छोटा कोड छापा. पाककृती बदलली की कोड बदलतो आणि गोदामातला जुना रोल चुकून मशीनवर चढत नाही. सिलिंडर कुणाच्या मालकीचे हे करारात लिहून घ्या, फॉन्टचे आणि फोटोंचे परवाने त्याच फाइलला लावा, आणि मूळ उघडता येणाऱ्या फाइल्स डिझायनरकडून शेवटचं बिल चुकतं करण्याआधी ताब्यात घ्या.